दुसरी किल्ली पुतण्याच्या खिशात

प्रश्न: स. न. मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात एकटी राहते. घरात फायबरचं इंटरनेट आणि लँडलाइन आहे. मोबाईलची रेंज नाही, त्यासाठी सड्यावर चढावं लागतं. मी मोबाईल ठेवत नाही आणि ठेवायची इच्छाही नाही. दोन प्रकाशकांसाठी मुद्रितशोधन करते, मुद्रितं ईमेलने येतात. गेल्या वर्षी पुतण्याने माझ्या जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावून दिली आणि नंबर स्वतःचा घातला. कोड त्याच्या फोनवर येतो, तो मला लँडलाइनवर सांगतो. दिवाळी अंकाच्या घाईत एका रात्री मला मेल उघडायचा होता आणि तो दुसऱ्या पाळीला होता. त्यांच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. साडेअकराला तो सुटला, बारा वाजता कोड मिळाला. प्रकाशकाचे तोवर चार मेल येऊन पडले होते. मोबाईल न घेता हे नीट करता येईल का? आणि पुतण्याच्याच नंबरवर चालू ठेवलं तर नेमकं काय बिघडतं? माझा संगणक जुना आहे. वीज गेली की तारीख-वेळ विसरतो, मग मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लावते. तेवढं सोडलं तर तक्रार नाही.
— एक बाई, जि. रत्नागिरी

बाई,

पत्राखाली नाव नाही, आणि शिक्षिकेला ‘मॅडम’ म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून बाईच म्हणतो.

मोबाईल घ्यावा लागणार नाही. तुमचं जीमेल, प्रकाशकांच्या फोल्डरमधलं काम, हे सगळं मोबाईलशिवाय ठेवता येतं, आणि आत्ता आहे त्यापेक्षा पक्कं ठेवता येतं. बँक आणि आधार यांचं मात्र वेगळं आहे. तिथे माझं उत्तर इतकं गोड नाही, ते पुढे सांगतो.

आधी पुतण्याचं. त्याने केलं ते मायेपोटी, आणि काहीच नसण्यापेक्षा बरंच केलं. पण पासवर्ड ही पहिली किल्ली आणि फोनवर येणारा कोड ही दुसरी, एवढंच आपण धरून चालतो. बऱ्याच घरांत तोच नंबर ‘रिकव्हरी’च्या रकान्यातही टाकलेला असतो, म्हणजे पासवर्ड विसरला तर नवा करून घेण्यासाठी. तुमच्याकडे तसं असेल, तर तो फोन ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या पहिल्या किल्लीच्याही बराच जवळ पोचतो. पुतण्या लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा फोन रिक्षात राहू शकतो. फोनला लॉक असलं तरी मेसेजची पहिली ओळ बहुतेकांच्या पडद्यावर उघडी दिसते, आणि कोड नेमका त्याच ओळीत असतो. उद्या त्याने नवा नंबर घेतला, जुना रिचार्ज न करता सोडून दिला, की बंद पडलेला तो नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते. मग कुठल्या तरी अनोळखी गृहस्थाला तुमच्या मेलचे कोड यायला लागतात. दुसऱ्याच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवणारेही आहेत. हे सगळं ‘झालं तर’चं झालं. तुमच्या बाबतीत झालेलं काय, तर फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये आणि तुम्ही स्वतःच्या कुलपाबाहेर.

दुसऱ्या टप्प्याला फोन लागतो हा समज आपल्याकडे ओटीपीमुळे इतका पक्का झालाय की दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. खरं तर त्या टप्प्यावर तुम्हाला एवढंच दाखवायचं असतं, की पासवर्ड डोक्यात आहेच, शिवाय माझ्याजवळ अशी एक वस्तू आहे जी दुसऱ्याकडे नाही. ती वस्तू कागद असू शकते, तुमच्या संगणकातला एक प्रोग्राम असू शकतो, किंवा पेनड्राइव्हएवढी एक किल्ली असू शकते. फक्त ती तुमच्याजवळ हवी. आणि एकच हवी असं नाही, दोन हव्यात.

कागदापासून सुरू करा, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि ते काम आजच होतं. गूगलच्या खात्यात ‘सिक्युरिटी’मध्ये, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’च्या पानावर ‘बॅकअप कोड्स’ असं दिसेल. तिथे १० कोड मिळतात, प्रत्येकी आठ आकड्यांचे. प्रत्येक कोड एकदाच चालतो. वापरला की त्यावर काट मारायची. सात-आठ संपले की नवा संच मागायचा, मग जुना संच आपोआप बाद होतो. त्या रात्री असा एक कागद तुमच्या टेबलाच्या खणात असता, तर बारापर्यंत जागावं लागलं नसतं.

हा कागद छापू नका, हाताने लिहा. शाईच्या प्रिंटरवर काढलेला कागद आपल्याकडच्या पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत टिपकागद होतो. तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडे जाऊन काढाल, तर फाइल त्याच्या संगणकावर राहते आणि गुपित गुपित राहत नाही. पेन्सिलीने लिहा, शिसं ओलीने पसरत नाही. तुम्ही मुद्रितं तपासता, ८० आकडे उतरवताना एकही चुकणार नाही याची मला खात्री आहे. पण तरी एकदा पडताळून बघा. एक प्रत घरात, रेशनकार्ड आणि सातबारा ठेवता तिथे. दुसरी प्रत घराबाहेर, बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. कागदावर ‘जीमेल’ असं लिहू नका आणि पासवर्ड तर अजिबातच नको. नुसते आकडे कुणाच्या हाती लागले तर ते त्याला कशाचे हे कळू नये.

हे इतकं घोळून सांगतोय कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. काही वर्षांपूर्वी लोकलमधून उतरताना माझा फोन गेला. मी निश्चिंत होतो, कारण बॅकअप कोड काढून ठेवले होते. कुठे? त्याच मेलमध्ये, स्वतःला पाठवलेल्या पत्रात. किल्ली आत ठेवून लॅचचं दार ओढून घेतल्यासारखं झालं. ज्या कंपनीचं ते खातं होतं, तिला मी मीच आहे हे पटवून द्यायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत मी लोकांना सुरक्षेवर एक व्याख्यानही दिलं.

कागद ही अडीअडचणीची सोय. रोजच्या वापराला संगणकातला प्रोग्राम लावा.

लोकांच्या मोबाईलमध्ये ‘ऑथेंटिकेटर’ नावाचं एक ॲप असतं, त्यात दर अर्ध्या मिनिटाला सहा आकडे बदलतात, हे तुम्ही पुतण्याकडे पाहिलं असेल. त्याला ना रेंज लागते ना सिम. खातं आणि ॲप यांच्यात सुरुवातीला एकदाच एक गुप्त अक्षरमाळ ठरते. नंतर दोन्हीकडे तीच अक्षरमाळ आणि चालू वेळ यांवरून सारखंच गणित होतं, आणि दोन्हीकडे तेच सहा आकडे निघतात. रत्नागिरीतले भटजी आणि नागपुरातले भटजी एकमेकांना फोन न करता आजची तिथी एकच सांगतात, तसं. फक्त दोघांकडे पंचांग एकच हवं. एकाकडे दाते आणि दुसऱ्याकडे टिळक असलं की अधिक महिन्यात काय घोळ होतो ते तुम्हाला माहीत आहे. हे गणित कसं करायचं याचं मानक २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. त्यामुळे ते मोबाईलनेच करावं असं काही नाही, तुमचा जुना संगणकही करतो.

त्यासाठी ‘कीपासएक्ससी’ नावाचा प्रोग्राम घ्या. तो फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, आणि तुमची माहिती कुठल्याही कंपनीकडे न पाठवता तुमच्याच संगणकावर एका कुलूपबंद फाइलीत ठेवतो. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. कुणी ‘ऑथी’ या दुसऱ्या ऑथेंटिकेटरचं संगणकावरचं ॲप सुचवलं तर ते मार्च २०२४ मध्ये बंद झालंय. आणि ‘इथे अक्षरमाळ टाका, कोड मिळवा’ म्हणणाऱ्या आयत्या वेबपानांच्या वाटेला जाऊ नका. ते म्हणजे किल्लीचा साबणावर ठसा घेऊन तो चौकात ठेवणं.

बसवायचं कसं, ते सावकाश सांगतो. कीपासएक्ससी उघडून नवी फाइल करा, तिला एक मुख्य पासवर्ड द्या. तो लांब असू द्या, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द रोमन लिपीत. वर्गात शिकवलेल्या कवितेची ओळ नको, ती तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. हा पासवर्ड विसरलात तर ती फाइल कुणीही उघडून देऊ शकत नाही, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस तो कागदावर असू द्या. मग ‘जीमेल’ नावाची एक नोंद करून ठेवा. आता ब्राउझरमध्ये गूगलच्या टू-स्टेपच्या पानावर ‘ऑथेंटिकेटर’ निवडा. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड येईल. तो मोबाईलवाल्यांसाठी आहे, तुमच्या कामाचा नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘कान्ट स्कॅन इट?’ असं लिहिलेलं असतं. ही ओळ सगळे ओलांडून जातात, आणि तुमचं सगळं काम तिच्यावरच आहे. ती दाबली की ३२ अक्षरांची माळ दिसते, चार-चार अक्षरांचे आठ गट. ती कॉपी करा. कीपासएक्ससीमध्ये जीमेलच्या नोंदीवर उजवं बटण दाबून ‘टीओटीपी’ (वेळेवरून निघणाऱ्या त्या कोडचं इंग्रजी आद्याक्षरी नाव), मग ‘सेट अप टीओटीपी’, आणि तिथे पेस्ट. बाकीच्या रकान्यांना हात लावू नका. आता त्याच नोंदीवर ‘शो टीओटीपी’ म्हटलं की सहा आकडे दिसतील आणि उरलेले सेकंद कमी होत जाताना दिसतील. ते आकडे गूगलच्या पानावर भरा. झालं.

पाच-सात सेकंदच उरलेले असतील तर घाई करू नका, पुढच्या आकड्यांची वाट बघा. ते येतातच. पुतण्याच्या पाळीसारखं त्यांचं नसतं.

तीच ३२ अक्षरंही हाताने लिहून कागदाबरोबर ठेवा. संगणक कधी कायमचा बसला, तर त्या अक्षरांवरून दुसऱ्या कुठल्याही संगणकावर तीच यंत्रणा पाच मिनिटांत उभी राहते. फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवरही असू द्या, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नका. कोकणात वीज पडली की मोडेम, संगणक आणि त्याला लटकलेलं सगळं एकदमच जातं.

याला एक आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे. ज्या संगणकावर पासवर्ड टाइप करता त्याच संगणकात कोडही तयार होत असेल, तर दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या. संगणकात व्हायरस शिरला तर दोन्ही गेल्या. म्हणून जीमेलचा पासवर्ड त्या फाइलीत ठेवू नका, तो डोक्यातच असू द्या, आणि काम झालं की फाइल बंद करा. त्यातूनही जुन्या संगणकाचा धोका उरतोच. विंडोज १० वर असाल तर त्याचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, आणि त्याहून जुनं काही असेल तर माझ्याच छातीत धडधडतं. पण तुमच्या मेलवर डोळा ठेवणारा चोर तुमच्या पडवीत येत नाही. तो कुठे तरी लांब बसून हजारो लोकांचे फुटलेले पासवर्ड एकामागून एक लावून बघत असतो. त्याला अडवायला एवढं पुरतं.

ज्याला हे पुरत नाही त्याच्यासाठी तिसरी वस्तू आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यांत चांगली तीच. तिला ‘सिक्युरिटी की’ म्हणतात. दिसायला छोट्या पेनड्राइव्हसारखी, संगणकाच्या यूएसबी खाचेत घालायची आणि तिच्यावरच्या धातूच्या ठिपक्याला बोट लावायचं. यूएसबीच्या या किल्ल्यांना चार्जिंग नाही, रेंज नाही, आकडे वाचणं नाही, चष्मा शोधणं नाही. ‘युबिकी’ आणि गूगलची ‘टायटन’ ही त्यातली ओळखीची नावं. पूर्वी गूगलच्या खात्यावर ती लावण्याआधी फोन नंबर द्यावाच लागायचा. २०२४ च्या मे महिन्यात गूगलने ती पायरी काढली, आता ऑथेंटिकेटर किंवा किल्ली थेट लावता येते.

तिचा खरा गुण वेगळाच आहे. सहा आकड्यांचा कोड तुम्ही फसून खोट्या पानावर भरू शकता. गूगलच्या पानाची हुबेहूब नक्कल करून, पत्त्यात एखादंच अक्षर बदललेलं पान पाठवतात. तुम्ही मुद्रितातली चूक पकडाल, पण रात्री अकरा वाजता पत्त्यातली पकडालच असं नाही. मीही पकडणार नाही. किल्ली मात्र पकडते, कारण ज्या पत्त्यावर तिची नोंद झाली त्याच पत्त्याला ती उत्तर देते. नकली पानासमोर तुम्ही कितीही बोट दाबा, ती ढिम्म. गूगलने स्वतःच्या ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना २०१७ च्या सुरुवातीपासून अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं की तेव्हापासून एकाचंही कामाचं खातं अशा फसवणुकीत गेलेलं नाही.

किल्ली एकेक काही हजारांची, आणि घ्यायच्या दोन. एक हरवली तर दुसरीने आत शिरून हरवलेलीची नोंद पुसायची. एकच घेणार असाल तर घेऊ नका, तेच पैसे नव्या संगणकाच्या डब्यात टाका. घेताना तुमच्या संगणकाची खाच बघा. जुन्याला बहुधा रुंद आयताकृती खाच असते, म्हणजे यूएसबी-ए. अलीकडच्या बऱ्याच किल्ल्या सी-प्रकारच्या येतात, त्या शिरणार नाहीत. किल्लीला एक पिन ठरवावा लागेल. तो आठ वेळा चुकला की किल्ली कुलूपबंद होते आणि पुसून नव्याने सुरू करावी लागते, म्हणून पिन आठवत नसेल तर अंदाज करत बसू नका.

मधेच गूगल तुम्हाला ‘पासकी बनवा’, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी डिजिटल किल्ली बनवा, म्हणून आग्रह करेल. ती किल्लीवर बनवली तर उत्तम. संगणकावरच बनवली तर ती सहसा त्या संगणकाच्याच पोटात राहते, आणि तुमच्या संगणकाच्या तब्येतीचं तुम्हीच लिहिलंय. जास्तीची सोय म्हणून असू द्या, भिस्त ठेवू नका.

आता पुतण्याला मोकळं करायचं, पण ते सगळ्यांत शेवटी. उत्साहाच्या भरात लोक जुना नंबर आधी काढतात आणि नवं काही चालत नाही हे मग कळतं. तेव्हा त्याला सुट्टीच्या दिवशी एकदाच कोड सांगायला बसवा. त्या एका बैठकीत बॅकअप कोड उतरवा, कीपासएक्ससी लावा. मग ब्राउझरची खाजगी (‘इन्कॉग्निटो’) खिडकी उघडा. तिला तुमची ओळख नसते, ती पासवर्ड आणि कोड दोन्ही मागते. तिथे कीपासएक्ससीचा कोड भरून आत जाऊन बघा. बाहेर या, पुन्हा जा, या वेळी कागदावरच्या एका कोडने. तो एक कोड खर्ची पडेल, पडू द्या. दोन्ही वाटा चालल्या, की मग त्याचा नंबर काढा.

नंबर दोन ठिकाणांहून काढायचा आहे, टू-स्टेपच्या यादीतून आणि ‘रिकव्हरी फोन’मधून. बहुतेक जण पहिल्या ठिकाणी थांबतात. रिकव्हरीला तुमचाच दुसरा एखादा ईमेल पत्ता द्या. रिकव्हरीची माहिती बदलल्यावर सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड घ्यायचा पर्याय देऊ शकतं, तेव्हा तो लगेच गेला नाही म्हणून घाबरू नका. ‘युअर डिव्हायसेस’मध्येही डोकावा. त्याने सोयीसाठी तुमचं खातं स्वतःच्या फोनमध्ये जोडून ठेवलं असेल तर तिथून ‘साइन आउट’ करा. त्याला वाईट वाटेल असं वाटत असेल तर बॅकअप कोडची घराबाहेरची प्रत त्याच्याकडेच ठेवा, बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर तुमची सही. म्हणजे विश्वास त्याच्यावर आहे, काम फक्त त्याच्या फोनवर नाही. आणि घरच्या संगणकावर लॉगिन करताना ‘या संगणकावर पुन्हा विचारू नका’ ही खूण करा. तुमच्याकडून दर वेळी कोड मागितला जातोय त्याअर्थी ती खूण केलेली नाही, किंवा ब्राउझर बंद होताना सगळं पुसून टाकतोय.

तुमचं मायक्रोसॉफ्टचं खातंही असेल, तर तिथे काम सोपं आहे. कोड दुसऱ्या ईमेल पत्त्यावर मागवता येतो, आणि २५ अक्षरांचा एक रिकव्हरी कोड मिळतो, तो त्याच पेन्सिलीने उतरवा. व्हॉट्सॲपचं मात्र नाव काढू नका, ते नंबराशिवाय जन्मालाच येत नाही. काही सेवा लँडलाइनवर फोन करून यंत्राच्या आवाजात कोड सांगतात. तसा पर्याय दिसला तर जरूर घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. आणि लँडलाइनवर ‘आलेला कोड सांगा’ म्हणणारा माणूस, मग तो कुणीही असल्याचं सांगो, चोर समजायचा. पैशाचं काही झालंच तर १९३० हा सायबर-फसवणुकीचा क्रमांक आहे.

राहिली बँक. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२६ पासून डिजिटल व्यवहारांना दोन वेगवेगळ्या घटकांची पडताळणी लागते, आणि दुसरा घटक एसएमएसचाच हवा अशी सक्ती त्यात नाही. पण पर्याय काय द्यायचा ते बँक ठरवते, आणि आपल्या बहुतेक बँकांचं मन अजून एसएमएसमध्येच अडकलंय. शाखेत जाऊन विचारा की ओटीपी ईमेलवर मिळतो का, आकडे दाखवणारं छोटं टोकन मिळतं का. काही डेबिट कार्डांच्या मागे अक्षरं आणि आकड्यांची जाळी छापलेली असते, तीही याच कामाची. काहीच नाही म्हणाले, तर पासबुक, चेकबुक आणि खिडकी आहेतच. तुमच्या वयाला आणि स्वभावाला ते वाईट नाही. यूपीआयला सिमकार्ड लागतंच. आधारचा ओटीपीही सहसा नोंदवलेल्या मोबाईलवरच येतो. तिथे पुतण्याचा नंबर असेल तर किमान तो बंद करण्याआधी त्याने तुम्हाला सांगावं एवढं त्याच्याकडून वदवून घ्या. नंबर बदलायचं काम आधार केंद्रावर होतं.

आता तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण वर सांगितलेलं सगळं त्यांच्यापाशी अडणार आहे. कोडचं गणित वेळेवर चालतं हे सांगितलंच. अर्ध्या-एक मिनिटाचा फरक सहसा खपून जातो, त्याहून जास्त झाला की सहाच्या सहा आकडे चूक. तुमच्या संगणकाला तारीख आठवत नाही, आणि तुम्ही ती भिंतीवरच्या घड्याळावरून लावता. कोकणातल्या एकट्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ मी ओळखतो. सकाळची एसटी चुकू नये म्हणून ते दहा मिनिटं पुढे असतं. त्या घड्याळावर लावलेला संगणक तुम्हाला दहा मिनिटांनंतरचे कोड देईल आणि गूगल ते एकही घेणार नाही.

संगणकाच्या डब्यात एक रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना वेळ जपणं हे त्याचं काम, आणि तुमचा तो संपलाय. तालुक्याला घड्याळजीकडे मिळतो, वडापावच्या दोन-तीन प्लेटींच्या किमतीत. वायर भिंतीतून काढून, डबा उघडून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायचा. जमत नसेल तर फायबर दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाला चहा द्या, तो बसवेल. मग विंडोजच्या तारखेच्या सेटिंगमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि टाइम झोन भारताचा आहे ना ते बघा. हे आधी, बाकीचं त्यानंतर. भिंतीवरचं घड्याळ आहे तसंच राहू द्या, एसटीला ते लागतं.